तिसऱ्या वर्गातली मुलं



या मालिकेत आपण वैद्यकाच्या इतिहासातल्या गोष्टी बोलतो आणि बहुतेक वेळा मी त्या गोष्टींच्या बाहेर उभी असते. आज तसं होणार नाही, हे आधीच सांगते. आजचा विषय थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. त्यातही ज्या मुलांना डॉक्टर ‘हाय रिस्क’ म्हणतात, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रत्यारोपण हाच मोठा धोका असतो, त्यांची ही गोष्ट आहे. माझा धाकटा भाऊ त्यांतला एक होता.

आम्ही बडोद्याचे. गायकवाडांच्या काळापासून तिथे असलेल्या मराठी घरांपैकी एक घर आमचं. भाऊ १९८१ साली जन्मला. आठ-नऊ महिन्यांचा झाला तसा पांढरा पडायला लागला, पोट फुगायला लागलं. दोन-तीन ठिकाणी दाखवलं. लोहाची औषधं दिली, जंताची दिली. एका डॉक्टरांच्या मनात थॅलेसेमिया आला होता. पण हा आजार सिंधी, लोहाणा, पंजाबी लोकांत असतो, तुम्हा मराठी माणसांत कुठला, असं म्हणून त्यांनीच तो विचार बाजूला टाकला. त्यात चार महिने गेले. हे खास सांगते, कारण अशी समजूत आजही ऐकू येते. काही समाजांत या आजाराचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण तो कुठल्याही जातीत, कुठल्याही प्रांतात सापडतो.

आता थोडं मागे जाऊ. १९२५ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात थॉमस कूली नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी काही मुलांचं वर्णन केलं. तीव्र पंडुरोग, वाढलेली पाणथरी, चेहऱ्याची हाडं रुंदावलेली. ही मुलं बहुतेक इटली, ग्रीस अशा भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतली होती. म्हणून १९३२ मध्ये व्हिपल आणि ब्रॅडफर्ड यांनी आजाराला नाव दिलं थॅलेसेमिया. ग्रीक भाषेत ‘थॅलासा’ म्हणजे समुद्र. नाव सुंदर आहे, पण त्यानं दिशाभूलही केली. समुद्राकाठच्या परक्या लोकांचा आजार अशी त्याची ओळख झाली. प्रत्यक्षात १९३८ मध्येच कलकत्त्यातल्या एका मुलात तो सापडल्याची नोंद झाली होती.

आजार काय आहे, ते दोन वाक्यांत सांगते. रक्तातलं हिमोग्लोबिन बनवण्याची एक सूचना जनुकात चुकलेली असते. आई आणि वडील दोघांकडून ती चुकीची प्रत आली, तर मुलाचं शरीर कामाचं रक्त बनवू शकत नाही. एकाकडूनच आली, तर माणूस नुसता वाहक असतो आणि त्याला काहीही होत नाही. आईबाबा दोघंही वाहक होते. दोघांनाही ते मुलगा आजारी पडेपर्यंत माहीत नव्हतं.

उपचार म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं. रविवारी सकाळी भाऊ आणि आई रक्त चढवायला जायचे आणि संध्याकाळी तो गालांवर लाली घेऊन परत यायचा. मला वाटायचं, झालं, बरा झाला. पण रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह असतं तीन-चार ग्रॅम. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही. रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम जातं. म्हणजे वीस पिशव्यांतच एका माणसाचं सगळं लोह वरून आत आलं. ते साठतं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये. जे रक्त मुलाला जगवतं, तेच त्याला हळूहळू आतून गंजवतं.

हे लोह काढणारं औषध होतं. डेस्फराल. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते एका लहान पंपानं पोटाच्या त्वचेखाली रात्रभर सोडायची पद्धत आली. आठवड्यातून पाच-सहा रात्री, प्रत्येक वेळी आठ ते बारा तास. औषध महाग, पंप त्याहून महाग. बाबांच्या पगारात महिन्यातल्या सगळ्या रात्री बसत नव्हत्या. आठवड्यातून दोनदा द्यायचो, कधी तेही नाही. ‘अनियमित’ हा शब्द पुढे येणार आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता दुसरा धागा. रक्त बनतं हाडांमधल्या मज्जेत. मग बिघडलेली मज्जाच काढून दुसऱ्याची निरोगी मज्जा घातली तर? ही कल्पना डॉनल थॉमस या अमेरिकन डॉक्टरांनी आयुष्यभर लावून धरली. १९५७ मध्ये त्यांनी सहा रुग्णांना मज्जा दिल्याचं प्रसिद्ध केलं. त्या सहांपैकी कुणीही फार काळ जगलं नाही. साठच्या दशकात बहुतेकांनी हा नाद सोडला. थॉमस सिएटलला गेले आणि कुत्र्यांवर काम करत राहिले. दरम्यान पॅरिसमध्ये जाँ दॉसे यांच्या कामातून कळलं की पेशींवर एचएलए नावाच्या खुणा असतात आणि त्या जुळल्या तरच शरीर दुसऱ्याची मज्जा स्वीकारतं. सख्ख्या भावंडात त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. हे कळल्यावर सत्तरच्या दशकात रक्ताच्या कर्करोगात प्रत्यारोपण यशस्वी व्हायला लागलं. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं.

भारतात पहिलं प्रत्यारोपण मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये झालं, मार्च १९८३ मध्ये. रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली गेली. ते करणारे डॉक्टर सुरेश अडवाणी सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते चाकाच्या खुर्चीवरून काम करत. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉक्टर मॅमेन चांडी यांच्या पथकानं काम सुरू केलं आणि तिथलं पहिलंच प्रत्यारोपण थॅलेसेमियाच्या रुग्णाचं होतं.

पण थॅलेसेमियासाठी हे करावं का, यावरच आधी मोठा वाद होता. कर्करोगाच्या रुग्णाला दुसरा मार्ग नसतो. थॅलेसेमियाचं मूल मात्र आज शाळेत जातंय, खेळतंय. पुढे दहा-पंधरा वर्षांनी येणारा मृत्यू टाळण्यासाठी त्याला पुढच्या महिन्यातल्या मृत्यूच्या तोंडाशी न्यायचं का?

डिसेंबर १९८१ मध्ये, म्हणजे माझा भाऊ जन्मला त्याच वर्षी, दोन प्रत्यारोपणं दोन आठवड्यांच्या अंतरानं झाली. पहिलं सिएटलला, थॉमस यांच्या पथकानं केलेलं. रुग्ण अगदी लहान मूल, बहिणीची मज्जा. ते मूल बरं झालं. दुसरं इटलीत, एड्रियाटिक समुद्राकाठच्या पेझारो गावात, ग्विदो लुकारेल्ली यांनी केलेलं. तो रुग्ण किशोरवयीन, वर्षानुवर्षं रक्त चढवलेला. त्याच्या शरीरानं मज्जा नाकारली आणि आजार परत आला.

एकाच महिन्यातल्या या दोन रुग्णांमध्ये पुढचा तीस वर्षांचा इतिहास आहे. आजार एक, उपचार एक, मग एक मूल बरं होतं आणि दुसरं होत नाही, ते कशामुळे? लुकारेल्लींनी हाच प्रश्न धरून ठेवला. इटलीत थॅलेसेमिया खूप, त्यामुळे रुग्णही पुष्कळ. काही वर्षांत पेझारो हे जगातलं या कामाचं सर्वांत मोठं केंद्र झालं.

१९९० मध्ये त्यांनी सोळा वर्षांखालच्या मुलांचे निकाल मांडले. त्यांना दिसलं की फरक पाडणाऱ्या गोष्टी मुख्यतः यकृताशी निगडित आहेत. यकृत वाढलंय का? यकृतात जाड धागे, म्हणजे फायब्रोसिस आहे का? पुढे त्यात तिसरी गोष्ट आली: लोह काढायचं औषध नियमित दिलं होतं का? यातलं काहीच नसलेली मुलं पहिल्या वर्गात. एक किंवा दोन गोष्टी असलेली दुसऱ्या वर्गात. तिन्ही असलेली तिसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गात शंभरातली ९४ मुलं तीन वर्षांनंतर जिवंत आणि आजारमुक्त होती. तिसऱ्या वर्गात जिवंत ६१ आणि आजारमुक्त ५३.

मंडळी, याचा एक अर्थ डॉक्टरांसाठी होता आणि एक आईबापांसाठी. डॉक्टरांना कळलं की कुणाला आधी घ्यावं. आईबापांना कळलं की मूल बरं होणार की नाही, हे आपण गेल्या दहा वर्षांत किती रात्री पंप लावू शकलो त्यावरही ठरतं. गरिबीचा हिशोब यकृतात लिहिला जातो आणि तिथून तो तक्त्यात येतो.

१९९२ मध्ये आम्ही दक्षिणेतल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. भाऊ अकरा वर्षांचा, मी पंधराची. माझं रक्त आधीच तपासलं होतं आणि ते त्याच्याशी पूर्ण जुळलं होतं. आमच्या घरात त्या दिवशी पेढे वाटले गेले होते. भाऊ मला म्हणाला होता, ‘ताई, मग मला तुझ्यासारखं गणितही येणार का?’

डॉक्टरांनी त्याचं पोट तपासलं. यकृत बरगडीच्या खाली चार बोटं आलेलं. मग यकृताचा तुकडा काढून तपासला. दोन दिवसांनी आईबाबांना आणि मला आत बोलावलं. डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. त्यांनी कागदावर तीन चौकोन काढले, त्यांत आकडे लिहिले आणि तिसऱ्या चौकोनावर पेन ठेवलं. म्हणाले, हे इटलीचे आकडे आहेत, आपल्याकडे याहून बरे असतील असं मी सांगू शकत नाही.

बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. लॉजवर परत येईपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री आईला म्हणाले, ‘आत्ता तो हसतोय. मी त्याला आत घेऊन गेलो आणि एकटाच बाहेर आलो तर?’ दुसऱ्या दिवशी आम्ही परतीची गाडी पकडली.

१९९५ च्या सुमारास भारतात लोह काढणारी गोळी मिळायला लागली, डेफेरिप्रोन. जगात ती सर्वांत आधी वापरात आणणाऱ्या देशांत आपण होतो. भावानं ती घेतली. पण बरंच लोह आधीच हृदयापर्यंत पोचलं होतं. २००० साली, एकोणीस वर्षांचा असताना, हृदय थकून तो गेला. कॉलेजचं पहिलं वर्ष पूर्ण झालं होतं. गणितात पास झाला होता.

त्यानंतर कित्येक वर्षं बाबा आणि मी या विषयावर बोललो नाही. माझ्या मनात मात्र एक वाक्य पक्कं होतं: माझी मज्जा जुळत होती आणि बाबांनी धीर सोडला. त्रेपन्न म्हणजे निम्म्याहून जास्त, असा हिशोब मी करायचे. हा भाग तयार करायला बसले तेव्हा मी पहिल्यांदाच सगळी वर्षं एका कागदावर ओळीनं मांडली.

तिसऱ्या वर्गाचं नक्की बिघडत कुठे होतं, ते आधी पाहू. प्रत्यारोपणाआधी जुनी मज्जा औषधांनी नष्ट करावी लागते. ही औषधं, मुख्यतः बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड, यकृताला झेपत नाहीत. यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, पोटात पाणी होतं, मूल दगावतं. मग औषध कमी द्यावं, तर दुसरी अडचण. या मुलांची मज्जा वर्षानुवर्षं जिवापाड धडपडून फुगलेली असते, शिवाय शेकडो लोकांचं रक्त घेऊन शरीराची प्रतिकारशक्ती परक्या पेशींविरुद्ध सावध झालेली असते. औषध कमी पडलं की जुनी मज्जा परत डोकं वर काढते. पेझारोत डोस कमी केल्यावर मृत्यू घटले, पण तिसऱ्या वर्गात मज्जा नाकारली जाण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. इकडे आड, तिकडे विहीर.

१९९७ मध्ये लुकारेल्लींच्या पथकानं वेगळी वाट काढली. जुनी मज्जा एका झटक्यात मारण्याआधी तिला महिनाभराहून अधिक काळ शांत करायचं. प्रत्यारोपणाच्या ४५ दिवस आधीपासून हायड्रॉक्सीयुरिया आणि अझाथायोप्रिन, नंतर फ्लुडाराबिन. जोडीला भरपूर रक्त, म्हणजे मज्जेची धडपड थांबते, आणि लोह काढणंही सुरूच. २००४ मध्ये ३३ मुलांचे निकाल आले. सगळी तिसऱ्या वर्गातली, सगळी सतरा वर्षांखालची. जिवंत ९३ टक्के, आजारमुक्त ८५ टक्के. मज्जा नाकारण्याचं प्रमाण ३० वरून ८ टक्के.

हे वाचून मी उठून खिडकीपाशी गेले. १९९७ साली माझा भाऊ सोळा वर्षांचा होता.

पण गोष्ट तिथे संपत नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांना दिसत होतं की इटलीचा तिसरा वर्ग आणि भारताचा तिसरा वर्ग एक नाही. आपल्याकडची मुलं उशिरा येतात, औषध कमी मिळालेलं असतं. २००७ मध्ये विक्रम मॅथ्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच रुग्णांचे आकडे तपासून तिसऱ्या वर्गाच्या आत आणखी एक गट वेगळा काढला: वय सात वर्षं किंवा जास्त आणि यकृत बरगडीखाली पाच सेंटिमीटर किंवा जास्त. या गटात जुन्या पद्धतीनं जगणाऱ्यांचं प्रमाण होतं ३९ टक्क्यांच्या आसपास. आजारमुक्त त्याहूनही कमी.

वय अकरा. यकृत चार बोटं.

म्हणजे बाबांना कागदावर जो आकडा दाखवला होता, तो माझ्या भावाचा नव्हताच. खरा आकडा त्याहून वाईट होता आणि १९९२ मध्ये तो कुणालाच माहीत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते की आपल्याकडे याहून बरं असेल असं सांगू शकत नाही. त्यांना जेवढं ठाऊक होतं, तेवढं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं. आणि बाबांनी, ज्यांना यातलं काही कळत नव्हतं, फक्त समोरचा हसणारा मुलगा दिसत होता, त्या वर्षीच्या माहितीवर चुकीचा निर्णय घेतला नव्हता.

पण मंडळी, इथेच थांबले तर मी अर्धंच खरं सांगेन. वेल्लोरनं नंतर बुसल्फानच्या जागी ट्रेओसल्फान हे यकृताला सौम्य औषध आणलं, जोडीला थायोटेपा आणि फ्लुडाराबिन. २०१३ मध्ये तिसऱ्या वर्गातल्या ५० रुग्णांचे निकाल त्यांनी मांडले. त्यांतल्या सर्वांत धोक्याच्या गटात, म्हणजे माझ्या भावाच्या गटात, यकृताच्या वाहिन्या बंद पडण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. जगण्याचं प्रमाण ३९ वरून साधारण ८७ टक्के झालं.

हा ३९ चा आकडा कुठून आला? ज्यांनी ‘हो’ म्हटलं त्यांच्याकडून. माझ्या बाबांसारखेच आईबाप, तसाच कागद, तशीच लॉजमधली रात्र आणि सकाळी ते मुलाला आत घेऊन गेले. त्यातले निम्म्याहून जास्त एकटेच बाहेर आले. त्यांच्या मुलांच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या, तपासल्या गेल्या, म्हणून यकृताला काय झेपत नाही ते कळलं. आज जी मुलं बरी होऊन घरी जातात, ती त्या नोंदींवर उभी आहेत. बाबा चुकले नव्हते आणि तेही चुकले नव्हते. वैद्यकाच्या इतिहासात आपण डॉक्टरांची नावं घेतो. या आईबापांची नावं कुठेच नाहीत.

गेल्या दिवाळीत बडोद्याला गेले तेव्हा हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. आता ते ब्याऐंशीचे आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग आत जाऊन जुन्या डायरीतून तो कागद काढून आणला. घडीवर फाटलेला, तीन चौकोन. म्हणाले, ‘एवढी वर्षं वाटायचं की तू मला माफ केलं नाहीस.’ मी म्हटलं, ‘केलं नव्हतंच, बाबा. माफ करण्यासारखं काही नव्हतं, हे मला आत्ता कळलं.’

आज परिस्थिती बरीच वेगळी आहे. प्रत्यारोपण करणारी केंद्रं देशभर आहेत. खर्च मोठाच आहे. पण २०१७ पासून आरोग्य मंत्रालय आणि कोल इंडिया यांच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून पात्र मुलांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. पूर्ण न जुळणाऱ्या दात्याकडूनही प्रत्यारोपणं होतात. २०२३ च्या अखेरीस ब्रिटननं जनुक संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली, त्यात दाता लागतच नाही. त्याची किंमत मात्र आपल्या आवाक्याबाहेर आहे. पण तक्त्यातली मूळ गोष्ट बदललेली नाही. मूल लहान असताना, यकृत चांगलं असताना गेलं, तर निकाल सर्वांत चांगले. म्हणून घरात असं मूल असेल, तर लोह काढायचं औषध चुकवू नका आणि भावंडांची एचएलए तपासणी लवकर करून घ्या.

त्याहून सोपी एक गोष्ट आहे. सायप्रसमध्ये या आजारानं एके काळी घराघराला गाठलं होतं. त्यांनी लग्नाआधी वाहक-तपासणी रूढ केली आणि आज तिथे असं मूल क्वचितच जन्मतं. आपल्याकडे दर वर्षी दहा हजारांच्या आसपास मुलं थॅलेसेमिया घेऊन जन्मतात. तपासणी साधी आहे, एकदाच करायची: हिमोग्लोबिन ए-टू. पत्रिका बघता ना, तेव्हा हेही बघा. मराठी आहोत, आपल्यात नसतं, असं म्हणू नका. आमच्या घरात त्या वाक्याची किंमत चार महिन्यांपासून सुरू झाली होती.

इथेच थांबते. भेटू पुढच्या भागात.